ब्रोन्याने निवडलेली गरी

त्या वर्षी जूनमध्ये खाडीवर धुकं फार पडलं. बदकांच्या वाड्यांवरून पांढरी पिसं उडायची, धुक्यात शिरायची, आणि मग कुठलं पीस नि कुठलं धुकं हे सांगता यायचं नाही. आज तिथे एकही वाडी उरलेली नाही. पण तेव्हा ईस्टपोर्टची हवाच तशी होती. खोल श्वास घेतला की नाकात काहीतरी मऊ जायचं.

शनिवारी काम सुटल्यावर ब्रोन्या वोल्स्का ओढ्याकाठच्या आमिषाच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या रुमालावर, भुवयांवर, बाह्यांवर पिसांचा भुगा होताच. बदकांची पिसं उपटण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळिशी उलटून गेली होती, खांदे रुंद, बोलणं कमी. दुकानदारीण थर्झा पेनी गल्ल्यामागे केसांत पेन्सिल खोचून बसली होती.

"थर्झा, मला गरवायचं सामान हवंय. फ्लूक माशासाठी."

"ठाऊक आहे मला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पाववाल्यानेसुद्धा विचारलं मला, तू जाणार का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिलाच विचार. बोट माझी नाही आणि नवरदेवही माझा नाही."

ब्रोन्या लाल झाली. पण वळून गेली नाही.

झालं होतं ते असं. एलिहू रेनर हा खाडीवरचा जुना माणूस, बायको जाऊन काही वर्षं झालेली. शिंपल्यांचा चुरा ट्रकमध्ये भरून तो ब्रोन्या काम करायची त्या बदकांच्या वाडीवर आणून टाकायचा. बदकांना दाणा पचायला तो लागतो. मंगळवारी गोणी उतरवता उतरवता तो ब्रोन्यापाशी थांबला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "मिस ब्रोन्या, रविवारी माझ्याबरोबर फ्लूक गरवायला चला. आणि आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे बोटीत बसवून कोंडीत पकडलं असं वाटायला नको. मला तुमच्याशी लग्न करायचंय. उत्तर तिकडे द्या. पाण्यावर." मग टोपी घातली, उरलेली गोणी खांद्यावर घेतली आणि गेला.

ब्रोन्याला तो आवडत होता, अडचण तीच होती. रस्त्यात बदकं आडवी आली की बाकीचे ट्रकवाले भोंगे वाजवायचे. एलिहू इंजिन बंद करून बसून राहायचा, शेवटचं बदक पलीकडे जाईपर्यंत. पण ब्रोन्याचं आख्खं आयुष्य दोन शब्दांखाली गेलं होतं: 'आण इकडे.' वडिलांनी शिवणयंत्रापाशी म्हटलं, भाऊ झिग्मुंट बरणीच्या झाकणापासून गाडीच्या चाकापर्यंत सगळ्याला म्हणायचा. "आण इकडे, तुला नाही जमायचं." आणि ती देत आली होती. देऊन टाकलं की घरात शांतता राहायची. बुधवारी मांडीवर बदक घेऊन ती पिसं उपटत बसली होती, तेव्हा तिने मनाशी ठरवलं: बोटीत एलिहूच्या तोंडून एकदा जरी 'आण इकडे' आलं, तर उत्तर नाही. मग तो कितीही चांगला असो. आणि नाही आलं, तर बघू.

आमच्या खाडीवर रीत अशी होती की बोट ज्याची त्याने बोट आणायची, आणि बरोबर येणाऱ्याने आपली गरी, आपलं आमिष आपण आणायचं. बायका नवऱ्याच्या पेटीतलं घेऊन जायच्या, पण ब्रोन्याला कुणाच्या पेटीतलं नको होतं.

"बरं, बघ," थर्झा उठली. "फ्लूकला सगळ्यांत चांगलं म्हणजे—"

"सांगू नकोस."

"अं?"

"काय काय आहे ते दाखव फक्त. कुठलं घ्यायचं ते माझं मी ठरवीन."

"अगं बाई, जन्मात कधी गरी हातात धरलीयेस का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर."

थर्झाने पेन्सिल केसांतून काढली, परत खोचली. वडिलांच्या वेळेपासून ती या दुकानात बसायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्याशिवाय तिने कधी सोडलं नव्हतं. न सांगता माल विकायचा म्हणजे तिला शिक्षाच. तिने फळीवर गऱ्यांच्या तीन जोडण्या मांडल्या आणि तोंड घट्ट मिटलं.

दुकानात उजेड कमी होता. खिडकीवर मिठाची साय चढलेली, त्यातून दूध गाळल्यासारखा प्रकाश येत होता. पहिल्या जोडणीत तंगुसावर दोन गऱ्या होत्या, एक वर, एक खाली. दुसरीत तीन कानांची एक पितळी कडी: एका कानाला मुख्य दोर, दुसऱ्याला शिसं लटकवायची जागा, आणि तिसऱ्याला हातभर लांब तंगूस, त्याच्या टोकाला गरी. तिसरी तशीच, फक्त गरीच्या अलीकडे लाल मणी ओवलेले आणि नखाएवढं चकचकीत पातं, फुंकर मारली तरी फिरणारं. ब्रोन्याने फुंकर मारली. पातं फिरलं. छतावर उजेडाचा एक ठिपका पळून गेला.

"माशाबद्दल विचारलं तर चालेल ना?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? नियम तुझे आहेत."

"माशाचं सांग. गरीचं नको. राहतो कुठे हा?"

"तळाशी. वाळूत. चपटा पडून असतो, अंगावर वाळू ओढून घेतो पांघरुणासारखी. डोळे तेवढे बाहेर. दोन्ही डोळे एकाच बाजूला, वरच्या." थर्झाचा आवाज हळू झाला. माशांबद्दल बोलताना तो नेहमीच होतो तसा. "जन्मतो तेव्हा असा नसतो. इतर माशांसारखाच असतो, उभा पोहणारा, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग करंगळीच्या नखाएवढा झाला की एक डोळा सरकायला लागतो. डोक्यावरून चालत चालत दुसऱ्या बाजूला येतो. आणि मग मासा आडवा होतो तो कायमचा."

"चालत असताना त्या डोळ्याला काय दिसत असेल?"

"कुणाला?"

"डोळ्याला. डोक्याच्या अगदी वर असतो तेव्हा."

थर्झा तिच्याकडे बघत राहिली. "एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "गरी केवढी घेऊ, एवढंच विचारतात मेले."

ब्रोन्याने डोळे मिटले. ती वाळूत आडवी झाली. पांघरूण गार होतं. वर हिरवा उजेड हलत होता आणि त्यातून काहीबाही वाहत जात होतं. फार वरून गेलेल्या गोष्टीसाठी ती उठली नसती. जवळून गेलं तर मान वळवली असती. आणि बदकांना ती ओळखून होती: चमकलं, हललं की आधी चोच, विचार मागाहून. माशाला चोच नसली म्हणून काय झालं.

"ही," तिने मण्यांची जोडणी उचलली.

थर्झाच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. त्यासाठी तिला किती कष्ट पडले ते तिच्या मानेवर दिसत होतं.

शिसं तिने तळहातावर घेऊन निवडलं. एक फार हलकं, एक उगीच जड. बदकाच्या काळजाएवढं होतं ते घेतलं, कारण तेवढं वजन तिच्या हाताला रोजचं होतं. मग आमिष. मिठातले माकूळ, बर्फातली रुपेरी बारीक मासळी, आणि एका लाकडी ताटात ओल्या समुद्रगवताखाली किली. थर्झाने गवत उचललं मात्र, बोटभर लांबीचे ते तपकिरी मासे ताटभर टणाटण उडायला लागले.

"जिवंत आहेत!"

"मग? मेलेले विकीन का?"

"हे घेते. आणि माकूळ."

थर्झाने पातळ फळ्यांच्या खोक्यात किली भरले, वर ओलं गवत दाबलं, सुतळी बांधली. मग तिला राहवलं नाही. "आणि हे बघ, घरी नेल्यावर हे—"

"थर्झा."

थर्झाने ओठ इतके आवळले की हनुवटी थरथरली. "नाही सांगत. जा. जीव गेला तरी नाही सांगत. ही दुकानाची गरवायची काठी घेऊन जा, आणि तो रेनर उद्या काय म्हणतो ते सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी मला येऊन सांगायचं. पाववाल्याच्या आधी."

घरी झिग्मुंट अंगणात बूट काढत होता. त्याने काठी पाहिली, खोकं पाहिलं, आणि हसला. माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या हातचं जेवून जेवून सुस्तावलेला, एवढंच.

"कोळीण झालीस की काय? माझे शर्ट कोण धुणार मग, मासे?"

"शर्ट दोरीवर आहेत. वाळले असतील."

"आणि तो प्रोटेस्टंट माणूस. फादरला काय सांगशील?"

"फादरला मासे देईन."

ती पायरीवर बसून जोडणी दोराला बांधायला लागली. तंगूस निसरडा, गाठ बसता बसेना. झिग्मुंट थोडा वेळ बघत उभा राहिला, मग हात पुढे झालाच. "आण इकडे. तुला नाही जमायचं." आणि तिच्या हातांनी जुन्या सवयीने देऊन टाकलं. त्याने दोन फटक्यांत गाठ मारली, दाताने टोक कापलं, काठी भिंतीला टेकवली आणि शिट्टी वाजवत आत गेला. तो जेवायला बसेपर्यंत ती थांबली. मग कात्रीने ती गाठ कापली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिची गाठ बेढब झाली, वाटाण्याएवढी. पण ओढून पाहिली तर धरत होती.

मग तिने खोकं उघडलं. गवताखाली किली कोरड्यावर तळमळत होते, निदान तिला तसं वाटलं. तोंडं उघडत होती, मिटत होती. तिने बादली घासली, विहिरीचं गार पाणी भरलं, आणि खोकं त्यात रिकामं केलं. मासे एकदम खाली गेले, वर आले, गर्दीने गोल फिरायला लागले. "हं," ती त्यांना म्हणाली, "आता कसं बरं वाटतंय." बादली तिने स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवली, थंडी वाजू नये म्हणून.

पहाटेच्या झोपेत तिला स्वप्न पडलं. तिचा डावा डोळा सरकायला लागला होता. दुखत नव्हतं, लोण्यावरून चमचा जावा तसा तो कपाळावरून वर चालला होता. टाळूवर पोचला तेव्हा तिथून आख्खी खाडी दिसली, एकदमच, आत आणि बाहेर, आणि खाडीच्या मधोमध एक पूल. पुलावर उभं कुणीतरी होतं. ती हाक मारणार होती, पण डोळा थांबेना, पुढे उतरायला लागला, आणि ती जागी झाली.

बादलीत सगळे किली मेलेले होते. पोटं वर, एकाला एक चिकटलेले, सकाळच्या उजेडात छान चमकत होते. ब्रोन्याने ते फडक्यात गुंडाळले, माकुळाच्या पट्ट्या नूडल्ससारख्या पातळ कापून घेतल्या, लसणीचं सॉसेज आणि राईचा पाव बांधला, पहाटेची मिस्सा उरकली आणि धक्क्याकडे निघाली. चर्चमध्ये तिने काहीच मागितलं नाही. काय मागावं ते तिला ठरवता आलं नव्हतं.

धक्क्यावर धुक्यात एलिहू उभा होता. इस्त्री केलेला शर्ट, पण घडी भलत्याच जागी पडलेली. स्वतःच केली होती हे उघड होतं.

"आलात," तो म्हणाला.

"आले."

तिने फडकं उघडून बोटीच्या फळीवर ठेवलं. एलिहूने त्या मेलेल्या माशांकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं. त्याच्या पायाशी त्याचं खोकं होतं, तसंच पातळ फळ्यांचं, गच्च ओलं गवत भरलेलं, आणि आतून सारखी खुसफुस ऐकू येत होती. जिवंत. पाण्याशिवाय, गवताच्या ओलीवर, रात्रभर जिवंत. ब्रोन्याला सगळं कळलं: तिच्या त्या बादलीभर पाण्यानेच ते मेले होते. सांगायला कुणाची गरज पडली नाही. तिने नजर उचलली नाही.

"दया आली मला त्यांची," ती म्हणाली.

"हं," एलिहू म्हणाला. आणि इंजिनाची दोरी ओढली.

पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यापाशी पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि आवाज जगातून निघून गेला. फ्लूक गरवणं म्हणजे एवढंच असतं: बोट प्रवाहावर सोडून द्यायची, ती वाळूच्या पाठीवरून सरकत जाते, खाली शिसं वाळूला टेकत टेकत येतं, आणि सरकणं संपलं की इंजिन लावून पुन्हा वर जायचं, पुन्हा सोडून द्यायचं. पण त्या वेळी भरती संपून पाणी थांबलेलं होतं. बोट जागच्या जागी फिरत होती, इतकी हळू की कळू नये. चहूकडे पांढरं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे लागते याचा पत्ता नाही. आपण वर तरंगतोय की खाली वाळूत पडून बघतोय, असा ब्रोन्याला मधूनच भ्रम व्हायचा.

तिने मेलेला किली ओठांतून गरीला अडकवला, दोर सोडला. शिसं तळाला टेकलं ते तिला मनगटात कळलं. गंमत वाटली. कुणी खालून बोट लावावं तसं.

मग खरोखरच कुणीतरी बोट लावलं. टक. टक. ब्रोन्याने सगळ्या ताकदीने काठी वर उपसली. गरी रिकामी वर आली, मणी धुक्यात लकलकले.

एलिहूच्या गळ्यातून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा. ती त्याच्याकडे वळली. तो समोर बघत होता.

दुसऱ्यांदा तेच झालं. टक, उपसा, रिकामी गरी. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात काठी ओढली की तिचा दोर त्याच्या दोरात गेला, आणि मणी, पातं, कड्या, गऱ्या यांचा एक घोस वर आला. त्याने आपली काठी खाली ठेवली. त्याचे हात पुढे आले. ब्रोन्या श्वास धरून बघत राहिली. आता म्हणेल. हात हवेत थांबले, परत गेले, आणि एलिहू रेनरने ते दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. अगदी शाळेतल्या पोरासारखा. चेहरा लालबुंद. तो प्रार्थनेची कसलीशी चाल गुणगुणायला लागला, बेसूर.

ब्रोन्या गुंता सोडवायला लागली. पिसं उपटणारी बोटं होती, घाई न करणारी. एक वळसा काढला, दुसरा काढला. बोट हळू फिरत होती. धुकं कधी दाट व्हायचं, कधी त्यात फट पडून दूरचा लाल बोया दिसायचा आणि मिटायचा. गुंता सुटला तेव्हा तिने त्याचा दोर त्याच्यापुढे ठेवला.

"तुम्ही फार गप्प आहात," ती म्हणाली.

"हो."

"नेहमी असेच असता?"

एलिहूने मान हलवली. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "नाही. मी फार बोलतो. पण काल संध्याकाळी थर्झा घरी आली होती. म्हणाली, उद्या तोंडातून एक सल्ला काढलास तर ती तुला खाडीत ढकलून चालत घरी येईल."

म्हणजे हात मांडीखाली घातले ते थर्झाने शिकवलं म्हणून. म्हणजे ब्रोन्याने एवढं जपून ठेवलेलं माप आधीच कुणीतरी त्याच्या हातात देऊन टाकलं होतं, बाजारातून भाजी आणावी तसं.

"मग हे तुमचं नव्हेच," ती म्हणाली. "हे थर्झाचं."

"काय?"

"हे बसणं. हातांवर."

पाणी हलायला लागलं होतं. ओहोटी लागत होती. बोटीने फिरणं सोडून एक दिशा धरली. ब्रोन्याने नवा मेलेला किली अडकवला, त्याच गरीला माकुळाची लांब पट्टी लावली, आणि दोर सोडला. आता परत जाऊ या म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"लव्हिनियाला मी एकदाच आणलं होतं बोटीत," एलिहू म्हणाला. म्हणजे त्याची वारलेली बायको. ब्रोन्याने चर्चच्या जत्रेत तिला दुरून पाहिलं होतं, बारीक, भुरभुरत्या केसांची. "लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात. दिवसभर मी तिला शिकवत होतो. काठी अशी धर, अशी नको. मग ती पुन्हा बोटीत आली नाही. म्हणायची, मला बोट लागते. मला वाटलं, असेल, लागत असेल."

"मग?"

"मग बऱ्याच वर्षांनी, असंच धुकं होतं. मी लवकर परत येत होतो, ओढ्याच्या तोंडाशी इंजिन मंद केलं, आणि बघतो तर लाकडी पुलावर कुणीतरी गरवत उभं. बाईमाणूस. माझाच जुना कोट घातलेला." त्याने हात मांडीखालून काढले आणि त्यांच्याकडे बघितलं. "इतकी सुंदर गरवत होती ती, मिस ब्रोन्या. खाली टकटक झाली तर ओढायची नाही, उलटा दोर सोडायची, माशाला घेऊ द्यायची, आणि मग—"

तो एकदम थांबला. हात तोंडावर गेला. "सांगितलं," तो हातामागून म्हणाला. "सांगून टाकलं मी. थर्झा मारील मला."

ब्रोन्याला हसू आलं, पण आलं तसं ते आतच राहिलं. "आणि तुम्ही काय केलंत? त्या दिवशी?"

"बोट वळवली. परत धुक्यात गेलो. ती घरी पोचेपर्यंत तिकडेच बसून राहिलो. तिला कळू दिलं नाही. वाटलं, मी दिसलो तर ती पुन्हा कधी जाणार नाही. तिच्याकडे एक गोष्ट होती, तिची स्वतःची. तिच्यात मी नव्हतो. मी मध्ये गेलो नाही, एवढंच काय ते मला जमलं. पण त्या घरात मग आम्ही दोघं बसायचो, ती मासे आणायची, म्हणायची बाजारातून आणले, मी म्हणायचो छान आहेत. असं ती जाईपर्यंत."

बोट सरकत होती. धुकं सरकत होतं, की तेच थांबलं होतं आणि बाकी सगळं सरकत होतं, कुणी सांगावं. ब्रोन्याला तो पूल दिसत होता. तो ओला कोट, ती न बोलणारी पाठ, आणि खाली पाण्यात एक माणूस इंजिन बंद करून बसलेला. दोघं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि हाक मारायची कुणीच नाही. घरात शांतता राहावी म्हणून. तिला ती शांतता ठाऊक होती. आतून बाहेरून ठाऊक होती. चांगला माणूस होता हा, म्हणूनच परत वळला. आणि त्याच्या त्या चांगुलपणानेच ती बाई मरेपर्यंत पुलावर एकटी राहिली. दोन्ही खरं होतं.

काठीच्या टोकाला मघापासून काहीतरी टकटकत होतं. तिच्या लक्षात आलं नव्हतं. रिळावरून दोर आपणहून थोडा थोडा जात होता, आणि तिचा अंगठा त्याला जाऊ देत होता. मग तो जड झाला. तिने विचार करत करतच काठी उचलली, हळू, झोपलेल्या मुलाचं डोकं उचलावं तशी, आणि काठी वाकली ती पाण्यापर्यंत.

एलिहू अर्धा उठला. बसला. पुन्हा अर्धा उठला.

"जाळं धरा," ब्रोन्या म्हणाली. "बघत काय बसलात? मला दोनच हात आहेत."

त्याने जाळं उचललं आणि गुडघ्यावर आला. मासा वर यायला तयार नव्हता. तळाला चिकटून राहायचा, मग एकदम सुटायचा, मग परत खाली जायचा. तिची बेढब गाठ टिकली. हिरव्या पाण्यातून आधी एक पांढरेपणा आला, मग तो उलटला आणि तपकिरी झाला, रुंद, ठिपक्याठिपक्यांचा, जणू वाळूचाच एक तुकडा उठून वर आला. दोन्ही डोळे वर. जाळ्यात आला आणि बोटीच्या फळ्यांवर आपटायला लागला. तोंडात लाल मणी, फिरायचं थांबलेलं पातं, आणि मेलेल्या किलीचं शेपूट.

"मेलेल्या किलीवर," एलिहू कुजबुजला. "आणि त्यात माकूळ. कुणी विश्वास ठेवणार नाही."

"तुम्ही ठेवा म्हणजे झालं."

तिने गरी स्वतः काढली. वेळ लागला, बोटाला खरचटलं. तो जाळं धरून बघत बसला, आणि या वेळी त्याने हात कुठे लपवले नाहीत. ते नुसते गुडघ्यांवर पडून राहिले. मग तिने पाव मोडला, अर्धा त्याला दिला. सॉसेजचा लसणीचा वास धुक्यात पसरला. दोघं चावत बसले.

"मी येईन," ब्रोन्या म्हणाली, "पण एक सांगते. कधी मला एकटीनेच जावंसं वाटेल. पुलावर, किंवा कुठेही. विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"थांबा, झालं नाही माझं. आणि मी तिथे दिसले तर बोट वळवायची नाही. धुकं असो नाहीतर काही असो. सरळ पुलाखालून यायचं आणि हात करायचा. मी बाजारातून मासे आणले असं मी सांगणार नाही आणि तुम्ही ऐकणार नाही."

एलिहूच्या हातातला पाव तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, की धुकंच होतं; त्याने ते पुसलं नाही.

"आणि मी हात केला, आणि तू उलट हात केला नाहीस तर?" त्याने विचारलं.

"तर समजायचं, गरीला मासा लागलाय. पुढे जायचं, गुपचूप."

ओहोटीने त्यांना दांड्याच्या पार खाली आणून सोडलं होतं. बोया आता मागे, फिकट दिसत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "हे हो आहे का?"

"तुम्ही इंजिन लावा आधी," ब्रोन्या म्हणाली आणि फडक्यातून नवा किली उचलला. "परत वर जाऊ या. पाणी चांगलं ओढतंय अजून."